मग ती पिशवी ठेवली कोणी? मध्य प्रदेशच्या ४० सांसदांना इंदूरहून खुलं पत्र

इंदूर, २१ ऑगस्ट २०२५

मध्य प्रदेशातले सर्व लोकसभा आणि राज्यसभा सदस्य यांना,
सादर नमस्कार.

लोकसभेचे २९ आणि राज्यसभेचे ११ असे तुम्ही ४० जण. महाराष्ट्रात खासदार म्हणतात, आम्ही इंदूरचे मराठी लोक घरात मराठीच बोलतो पण तोंडात सांसद बसलंय, म्हणून तेच लिहिते. पत्र मराठीत आहे कारण राग आला की मला हिंदी सुचत नाही. तुमच्यापैकी ज्यांना वाचता येणार नाही त्यांनी एखाद्या मराठी कार्यकर्त्याकडून वाचून घ्या, इंदूरात आम्ही भरपूर आहोत.

मी रामबागेत राहते, निवृत्त शिक्षिका, ३३ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. संसद काय करते हे पोरांना पाठ करायला लावलं, चुकलं तर परत लिहायला लावलं. आज तुमचं पावसाळी अधिवेशन संपलं. सुरू झालं २१ जुलैला, आणि त्याच सकाळी आमच्या घरात जे झालं त्यामुळे हे पत्र लिहिते आहे.

माझा मोठा भाऊ, आम्ही सगळे दादाच म्हणतो, ११ जुलै २००६ ला संध्याकाळी चर्चगेटहून बोरिवलीला घरी जात होता. मुंबईच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले ते तुम्हाला आठवत असतील, १८० च्या वर माणसं गेली. दादाच्या गाडीतला स्फोट खार आणि सांताक्रूझच्या मध्ये फर्स्ट क्लासमध्ये झाला आणि दादा शेजारच्या डब्यात होता. हात भाजला, तो बरा झाला, पण दोन्ही कानांचे पडदे फाटले. डावा कान कायमचा गेला, उजव्यात मशीन घातलं की अर्धंमुर्धं ऐकू येतं. नोकरी ट्रान्सपोर्टच्या बुकिंगची, दिवसभर फोनवर बोलायची, ती वर्षभरात सुटली आणि २००७ मध्ये दिवाळीच्या आधी दादा आणि वहिनी चार ट्रंका घेऊन अवंतिकानं इंदूरला आले ते इथलेच झाले. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे इथल्या रंगांच्या मिरवणुकीला, दादा राजवाड्याकडे फिरकत नाही. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात तेव्हा मशीन काढून डबीत ठेवतो आणि नुसते दिवे बघतो.

तर २१ जुलैला सकाळी आम्ही पोहे खात होतो, टीव्ही चालू होता. खाली पट्टी आली की मुंबई हायकोर्टानं बाराच्या बारा आरोपींना निर्दोष सोडलं. ऐकू येत नाही म्हणून दादा पट्टी आमच्या आधी वाचतो. त्यानं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, मग ती पिशवी ठेवली कोणी?

आम्ही कोणी काही बोललो नाही. वहिनी उगीच शेव वाढायला लागली.

कोर्टावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. पेपरात जे जे आलं ते सगळं मी पेन घेऊन वाचलंय, सवयच आहे. २०१५ मध्ये मकोका कोर्टानं (संघटित गुन्हेगारीच्या कायद्याचं कोर्ट) बारा जणांना दोषी धरलं होतं, पाच जणांना फाशी, सातांना जन्मठेप. हायकोर्ट म्हणालं की कबुलीजबाब स्वखुशीनं दिलेत असं वाटत नाही, साक्षीदार फार उशिरा पुढे आले, ओळख परेड धड झाली नाही, आणि बॉम्ब कुठल्या प्रकारचे होते एवढंसुद्धा सरकारी पक्षाला दाखवता आलं नाही. आता सांगा, असा पेपर माझ्याकडे तपासायला आला असता तर मी तरी पास केलं असतं का? तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून चालणार नाही, पण सुटलेल्यांना परत जेलमध्ये जायची गरज नाही. म्हणजे अजून तारखा. हे लोक निर्दोष असतील तर त्यांची १९ वर्षं गेली, एक जण तर २०२१ मध्ये जेलमध्येच वारला, आणि दोषी असतील तर सुटले, कुठूनही बघा दादाच्या हातात काहीच येत नाही. आम्हाला कोणीतरी पकडून नकोय हो, ज्यानं केलं तो पाहिजे.

आणि मग दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल आला, तिथे सहा माणसं गेली होती, एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेच्या कोर्टानं सातही आरोपी सोडले. आमच्या फॅमिली ग्रुपवर काय झालं ते सांगायला लाज वाटते. २१ तारखेला ज्यांनी कोर्टाला शिव्या दिल्या त्यांनीच ३१ ला लाडू पाठवले, आणि मला खात्री आहे की दुसऱ्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवर बरोबर ह्याच्या उलट झालं असणार. आरोपीचा धर्म बघून टाळ्या वाजवायच्या की रडायचं ते ठरतं. मेलेल्यांच्या घरी दोन्ही वेळेला तेच झालं ना, पट्टी आली आणि बसले. तुमच्या सभागृहातसुद्धा ह्याहून वेगळं काही होत असेल तर मला कळवा.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल बाई कोर्टाचं आमच्याकडे काय मागता. कोर्टाचं मागत नाहीये. कायदा तुम्ही करता, आणि जगाशी केलेले करार घरात लागू करायचा अधिकार संविधानाच्या कलम २५३ नं तुम्हाला दिलाय, हे तर मी आठवीच्या पोरांना शिकवायचे.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, वर्गात सांगितली की पोरं चाट पडायची. दहशतवादावरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९३७ चा आहे, जिनिव्हाचा, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधी जो राष्ट्रसंघ होता त्याच्या काळातला. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेला युगोस्लाव्हियाच्या राजाचा खून झाला त्यावरून तो निघाला. २४ देशांनी सह्या केल्या. पुढे मंजुरी किती जणांनी दिली? एकानं. भारतानं. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं म्हणा, त्यांना आपल्या क्रांतिकारकांची धास्ती होती, त्यांचा हिशेब वेगळा, पण कागदावर नाव भारताचंच आहे, आणि तो करार कधी लागूच झाला नाही.

१९९६ मध्ये आपणच परत संयुक्त राष्ट्रसंघात एक मसुदा ठेवला, सर्वंकष करार म्हणतात त्याला. विमान पळवणं, ओलीस ठेवणं, बॉम्ब, पैसा पुरवणं, अणुसामग्री, अशा एकेका गुन्ह्यावर वेगवेगळे मिळून १९ करार आणि प्रोटोकॉल आहेत जगात, पण सगळ्यांना एकत्र बांधणारा आणि दहशतवाद म्हणजे काय हे सांगणारा एकही नाही, तो हा असणार होता. २९ वर्षं झाली. लोकसभेतले तुम्ही २९ आणि मसुदाही २९ वर्षांचा, तुमच्यातल्या एकेकानं एकेक वर्ष उचललं असतं तरी काही हललं असतं.

अडलंय कुठे तर व्याख्येवर. काही देश, मुख्यतः इस्लामी देशांची संघटना, म्हणतात की परकीय सत्तेविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना ह्यातून वगळा, आणि सरकारी सैन्यानं केलेलं धरायचं की नाही ह्यावर दुसरं भांडण. हे अगदीच खोटं भांडण नाहीये बरं का. वर्गात मी चाफेकरांचं उदाहरण द्यायचे. १८९७ मध्ये पुण्यात रँडला मारलं ते इंग्रजांच्या वहीत काय आणि आपल्या घरात काय? पोरं दोन गट करून भांडायची. एकदा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, मॅडम, पण चाफेकरांनी लोकलमध्ये बॉम्ब नाही ठेवला ना. त्यांना रँडच मारायचा होता, रस्त्यावरचा कोणीही चालला नसता. (पोरगा गणितात नापास झाला त्या वर्षी.) मला वाटतं व्याख्या तिथूनच सुरू करावी, कारण काहीही असो, ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाला भीतीचं साधन केलं की तो दहशतवाद. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर २८ सप्टेंबर २००१ ला सुरक्षा परिषदेनं १३७३ नंबरचा ठराव करून सगळ्या देशांना सांगितलं की दहशतवादाला पैसा पुरवणं गुन्हा करा, पण दहशतवाद म्हणजे काय हे त्यातही लिहिलं नाही, मग ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं लिहून घेतलं.

करार नुसते कागद असतात असं म्हणणारे आमच्याकडे पोह्याच्या ठेल्यावर रोज भेटतात. त्यांना मी दोन उदाहरणं देते. १९९३ च्या मुंबई स्फोटांतला आरोपी अबू सालेम, त्याला २००५ मध्ये पोर्तुगालनं दिला तो फाशी देणार नाही आणि २५ वर्षांच्या वर ठेवणार नाही असं आपल्याकडून लिहून घेऊन, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारला सांगितलं की शब्द दिलाय तर पाळावा लागेल. १९९३ मध्ये ज्यांच्या घरचे गेले त्यांना हे पचायला जड आहे, मला कळतं, पण शब्द न पाळणाऱ्याला पुढचा आरोपी कोण देणार? दुसरा तहव्वुर राणा, २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी, अमेरिकेत २००९ मध्ये पकडला, आपला अमेरिकेशी प्रत्यार्पण करार १९९७ चा, आणि माणूस इथे आला एप्रिल २०२५ मध्ये. सोळा वर्षं लागली, पण आला. करारच नसता तर कुठल्या खिडकीवर अर्ज दिला असता? ह्या सगळ्या करारांचं मूळ एका ओळीत सांगता येतं, एकतर आरोपी दे नाहीतर तूच खटला चालव. शेजाऱ्यांशी हेच आपण सार्कमध्ये ४ नोव्हेंबर १९८७ ला काठमांडूला सही करून ठरवलं होतं, १९९३ मध्ये त्याचा कायदाही केला. आता सार्कची शिखर परिषदच २०१४ नंतर झालेली नाही.

बाहेरचं एवढं पुरे. घरातलं सांगते, राग खरा इथलाच आहे.

पहिलं म्हणजे दादाला १९ वर्षांत कोणी काही कळवलं नाही. हॉस्पिटलात एकदा जबाब घेतला, कान बांधलेले असताना, प्रश्न पाटीवर लिहून. त्यानंतर एक पत्र नाही. २०१५ चा निकाल पेपरात वाचला, २०२५ चा पट्टीत. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तपास कुठपर्यंत आला हे पीडिताला ९० दिवसांत कळवायचं असं लिहिलंय, कलम १९३. चांगलं आहे. पण तपास संपल्यावर पुढे? खटला वीस वर्षं चालतो, अपील होतं, तिथे पीडिताला दर टप्प्याला कोण कळवणार?

दुसरं पैशाचं, आणि हे लिहिताना मला संकोच वाटतो, दादाला कळलं तर रागावेल. रेल्वे कायद्यात गाडीतल्या दहशतवादी हल्ल्यासाठी भरपाई आहे, त्याप्रमाणे अर्ज केला. तिथे एका बाबूनं माझ्यादेखत दादाच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, ऐकू येतं का बघायला. दादा वळला, कारण मी वळले. बाबू म्हणाला येतंय की ऐकू. मग किती बहिरा, कायमचा की तात्पुरता, ह्यावर फाइल ह्या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी जे मिळालं त्यात आजपर्यंतच्या मशीनचासुद्धा हिशेब लागत नाही. कानाचं मशीन पाच-सहा वर्षांत जातं हो, बॅटरी दर आठवड्याला, हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना माहीत असेल. केंद्र सरकारची दहशतवादात सापडलेल्या नागरिकांसाठी एक योजना आहे, आधी तीन लाख, २०१६ पासून पाच लाख. ती लागू १ एप्रिल २००८ पासून, दादाचा स्फोट २००६ चा, बसला बाहेर. आणि नंतरच्यांनासुद्धा अपंगत्व ५० टक्के किंवा वर असेल तरच. एक कान किती टक्के, हे ज्यानं ठरवायचं त्यानं एक दिवस कानात बोळा घालून सियागंजच्या चौकात रस्ता ओलांडून बघावा.

तिसरं, कायद्याचा गुंता. दहशतवादाविरुद्धचे कायदेच बघा, टाडा आला १९८५ मध्ये, १९९५ मध्ये गेला. पोटा २००२ मध्ये आला, २००४ मध्ये गेला. यूएपीए मूळ १९६७ चा, त्याला २००४, २००८, २०१२ आणि २०१९ अशी ठिगळं लावली. आता नवीन न्याय संहितेत कलम ११३ मध्ये दहशतवादी कृत्य पुन्हा लिहिलंय, जवळजवळ तेच. एकच गुन्हा दोन कायद्यांत, आणि कुठला लावायचा ते एसपी किंवा त्याच्या वरचा अधिकारी ठरवणार. यूएपीएत निदान खटल्याआधी सरकारची मंजुरी लागते, त्याआधी पुरावा तपासून शिफारस करावी लागते, नवीन कलमात ही चाळणीच ठेवलेली नाही. हे बारीक वाटेल, पण चाळणी नसली की केस कच्ची जाते आणि १९ वर्षांनी पडते. जामीन अवघड केला, चार्जशीटला १८० दिवस दिले, की कायदा कडक झाला असं तुम्हाला वाटतं. कडक कशाला म्हणायचं? साक्षीदार चार दिवसांत शोधला, स्फोटकाची तपासणी लॅबनं वेळेत दिली, साक्षीदाराला घराबाहेर पोलीस मिळाला, ह्याला कडक म्हणावं. एनआयए कायद्याच्या कलम १९ मध्ये लिहिलंय की खटला रोजच्या रोज चालवायचा. लिहिलंय. मालेगावला १७ वर्षं लागली. आणि हे मी घरात बसून बडबडते आहे असं नाही, पैशाच्या गैरव्यवहारावर नजर ठेवणारी एफएटीएफ म्हणून जी संस्था आहे, जिच्या करड्या यादीत पाकिस्तान २०१८ ते २०२२ होतं आणि आपण पेढे वाटले होते, तिनंच सप्टेंबर २०२४ मध्ये आपला रिपोर्ट दिला. मार्क चांगले दिले, आणि शेरा मारला की दहशतवादाला पैसा पुरवण्याचे खटले फार लांबतात.

आणि २१ मे. राजीव गांधींचा खून झाला तो दिवस, दहशतवादविरोधी दिवस. माझी सून एका सरकारी ऑफिसात आहे, तिथे ह्या वर्षी शपथ झाली, फोटो ग्रुपवर पडला, सात मिनिटांत सगळे आपापल्या टेबलावर. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली, त्यात आपल्या इंदूरचेही एक होते, त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. सुनेनं विचारलं की एखाद्याच्या घरी असं झालं तर अर्ज कुठे करायचा हे पण सांगूया का, तर उत्तर मिळालं, मॅडम तो विषय अजेंड्यावर नाही. आज २१ ऑगस्ट, दहशतवादाला बळी पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानं २०१७ मध्ये ठरवलेला. मी आज दिवसभर संसद टीव्ही लावून बसले होते, मला तरी त्याचं नाव ऐकू आलं नाही, आणि माझे कान ठीक आहेत.

तर मागते काय, ते लिहून ठेवते म्हणजे सोपं जाईल.

हिवाळी अधिवेशनात तुमच्यापैकी एकानं, पक्ष कुठलाही चालेल, सर्वंकष कराराचा प्रश्न विचारावा: कुठे अडलंय, व्याख्येवर आपलं म्हणणं काय, गेल्या वर्षभरात काय केलं. आणि परराष्ट्र मंत्रालयानं दर वर्षी ह्याचं निवेदन सभागृहात ठेवावं. करार सरकार करतं, सही आधी होते आणि आपल्याला नंतर कळतं, निदान प्रगतीपुस्तक तरी बघू द्या.

पीडितांसाठी कायदा पाहिजे. योजना नको, योजना बाबूच्या मर्जीवर चालते. कायद्यात तीन गोष्टी असल्या तरी पुष्कळ: घटनेपासून ३० दिवसांत तात्पुरती मदत, जन्मभराचा इलाज ज्यात कान, डोळे आणि डोक्याचा त्रासही येईल टक्क्यांची अट न घालता, आणि तपासापासून शेवटच्या अपिलापर्यंत दर टप्प्याला लेखी खबर. २००८ च्या आधीच्यांनाही आत घ्या, त्यातले उरलेत किती आता.

एका गुन्ह्याला एक कायदा ठेवा. कलम ११३ ठेवायचं असेल तर यूएपीएसारखी मंजुरी त्यालाही लावा. एसपी साहेबांनी जे ठरवलं त्याची कारणं लेखी पाहिजेत. जे सुटले त्यांच्या केसमध्ये तपास कुठे चुकला ह्याची चौकशी करून रिपोर्ट संसदेत यावा, दोन्ही केसचा, ७/११ चा, म्हणजे लोकलच्या स्फोटांचा पण आणि मालेगावचा पण, एकाचा मागाल तर मी दुसऱ्याचं नाव घेईन.

२१ मे ला शपथेबरोबर एक पानाचं माहितीपत्रक वाचा, अर्ज कुठे, कोणाकडे, किती दिवसांत. हिंदीत, आणि ज्या गावात जी भाषा बोलतात तिच्यात. ७ मार्च २०१७ ला भोपाळ-उज्जैन पॅसेंजरमध्ये शाजापूर जिल्ह्यात स्फोट झाला होता, त्यातले जखमी आपलेच माळव्याचे, त्यांच्यातल्या किती जणांना हे माहीत होतं ते तुम्हीच विचारून बघा, तुमच्याच मतदारसंघात आहेत.

गणपतीला सहा दिवस राहिलेत, तुम्ही सगळे आता मतदारसंघात याल, मंडपामंडपांत आरतीला दिसाल. आमच्या रामबागेत आलात तर घर कोणीही दाखवेल, चहा करीन. उत्तर पाठवणार असाल तर कृपया लेखी पाठवा. फोन करू नका, दादाला फोनवर ऐकू येत नाही, आणि उत्तर त्याला वाचायचंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर